घरालगतचे फरसबंदी अंगण : निचरा आधी, फरशी नंतर



सुगी आटोपते, उसाचे किंवा डाळिंबाचे पैसे हाती येतात आणि घरातील मंडळी म्हणू लागतात, की आता एकदा अंगणाला फरशी टाकून घ्या. मागणी रास्तच असते. शेणाने सारवलेले अंगण दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सारवावे लागते, पावसाळ्यात चिखल घरात येतो, धान्य वाळत घालायचे तर ताडपत्री शोधावी लागते. मग शहाबादी फरशीची ट्रॉली येते, गवंडी येतो आणि चार दिवसांत अंगण लखलखीत होते. पुढच्या पावसाळ्यात मात्र निराळीच तक्रार सुरू होते. ओट्याला लागून भेग पडली, भिंतीला खालून लोणा चढला, कोपऱ्यातील ज्वारीच्या पोत्याचा तळ ओला होऊन त्याला बुरशी धरली. दोष फरशीला, सिमेंटला, नाहीतर गवंड्याला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा उताराचा असतो, आणि फरशी बसल्यावर तो काढायचा म्हणजे केलेला खर्च स्वतःच्या हाताने उखडायचा.

इंदापूर व बारामती तालुक्यांतील जमीन आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून या कामाची माहिती येथे दिली आहे. काम लहान आहे. पण त्यावर घराचा पाया अवलंबून असतो, म्हणून ते गवंड्यावर सोपवून शेतावर निघून जाऊ नये.

पाणी किती येते?

"आमच्याकडे पाऊसच कुठे पडतो?" असे या भागातील शेतकरी म्हणतात. ते खोटे नाही. हा अवर्षणप्रवण पट्टा आहे आणि वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. परंतु तो रोज थोडा थोडा पडत नाही. बराचसा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या सरींत, एकेका रात्रीत कोसळतो. १४ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या तीव्र पट्ट्याने इंदापूर, बारामती आणि सोलापूर जिल्ह्यात काय केले, हे अनेकांच्या लक्षात असेल. मे २०२५ च्या अखेरीस तर मृग लागण्यापूर्वीच बारामती, इंदापूर व दौंड तालुक्यांत अतिवृष्टी झाली आणि बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला. अंगणाचा निचरा वर्षाच्या सरासरीवर ठरवायचा नसतो, तो अशा एका रात्रीवर ठरवायचा असतो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. घराच्या कडेने २० फूट लांब आणि बाहेर १५ फूट रुंद असे अंगण धरले, तर ते ३०० चौरस फूट म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर भरते. छपराचा पुढचा उतार तेवढाच धरला आणि पागोळ्या अंगणातच पडत असल्या, तर एकूण ५६ चौरस मीटरचे पाणी अंगणात येते. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर हे पाणी २,८०० लिटर होते, म्हणजे २०० लिटरची १४ पिंपे. मातीच्या अंगणात यातले काही मुरत होते, काही खाचखळग्यांत थांबून सावकाश वाहत होते. फरशीवर काहीच मुरत नाही. सगळी १४ पिंपे एकाच वेळी उताराकडे धावतात. उतार घराकडे असेल, तर ती पिंपे आपण आपल्याच पायात ओतली असे समजावे.

आपली जमीन आणि घराचा पाया

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवणकडून इंदापूरकडे जाताना लोणी देवकरच्या परिसरात दोन प्रकारची जमीन दिसते. उंचवट्याच्या माळावर हातभर मातीखाली मुरूम आणि खडक लागतो. सखल भागात, ओढ्यांच्या कडेने आणि उजनीच्या फुगवट्याकडे काळी भारी जमीन आहे. माळावरच्या मुरमावर घर असेल त्याने हा लेख वाचून उताराची काळजी घेतली तरी पुरे. काळ्या जमिनीवर घर असणाऱ्याने मात्र पुढचा भाग दोनदा वाचावा.

काळ्या मातीतील चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात रानात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात, हे आपण दरवर्षी पाहतो. हीच हालचाल घराखालीही चालू असते. जमिनीच्या वरच्या थरात ती सर्वांत जास्त असते आणि खाली जाताना कमी होत जाते. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर आकाराच्या खांबांचा पाया विकसित केला. हे खांब साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्या खोलीला मातीची हालचाल जवळपास थांबते. आपल्या गावातील बहुतेक घरांचा पाया तीन-चार फुटांवर थांबलेला असतो, म्हणजे तो हलणाऱ्या थरातच उभा आहे.

सर्व घराखालची माती एकसारखी ओली किंवा एकसारखी कोरडी राहिली, तर घर फारसे कुरकुरत नाही. त्रास होतो तो एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहिल्याने. पुढचे अंगण भिंतीकडे पाणी सोडते, मागची बाजू कोरडीठाक असते. मग पुढची भिंत उचलली जाते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. घराला लागून एका अंगाला पाटपाण्याचा ऊस आणि दुसऱ्या अंगाला कोरडे खळे असले, तरी हेच घडते. अशा ठिकाणी उसाची शेवटची सरी भिंतीपासून निदान दहा-बारा फूट दूर ठेवावी.

यातच अंगणाच्या फरसबंदीचा मोठा फायदाही आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. घराबाहेर उतार दिलेली, पाणी न झिरपणारी पाच-सहा फुटांची फरसबंदी भिंतीच्या कडेने असेल, तर ती पायाजवळच्या मातीवर छत्री धरते. खालची माती बारा महिने जवळपास सारखीच ओल धरून राहते आणि भेगा कमी होतात. म्हणजे तेच अंगण, तोच खर्च. उतार बाहेर असला तर पायाचे संरक्षण, आत असला तर पायाची नासाडी.

लोण्याचा प्रश्नही निचऱ्याचाच आहे. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाला आणि काही दशकांतच नीरेच्या खोऱ्यात जमिनी चोपण व खारवट होऊ लागल्या. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने या क्षारपड जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. पाणी दिले पण जायला वाट दिली नाही, की जमिनीतील पाणी वर येते, पृष्ठभागावर वाळते आणि क्षार मागे ठेवते, हे या खोऱ्यातील शेतकऱ्याला आता सांगावे लागत नाही. भिंतीचेही तसेच आहे. पायाशी साचलेले पाणी दगड-विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, दोन-तीन फुटांवर वाळते आणि तेथे पांढरा लोणा सुटून गिलावा गळू लागतो. अशा भिंतीला वरून सिमेंटचा जाड गिलावा करणे हा उपाय नव्हे. त्याने वाळण्याची वाट बंद होते आणि लोणा आणखी फूटभर वर चढतो. आधी पायाशी येणारे पाणी बंद करावे, भिंत एक उन्हाळा वाळू द्यावी आणि मगच गिलाव्याचा विचार करावा.

खड्ड्याचे टाके होऊ देऊ नका

गवंडी सहसा असे सुचवतो, की काळी माती फूट-दीड फूट काढून टाका, त्यात डबर आणि मुरूम भरा, वर काँक्रीट आणि फरशी करा. सल्ला अर्धा बरोबर आहे. काळी माती काढून न फुगणारा मुरूम भरल्याने फरशी उचलली जात नाही. पण हा खड्डा म्हणजे चहूबाजूंनी चिकणमातीचे टाके असते. फरशीच्या सांध्यांतून, कडेने, पागोळ्यांतून जे पाणी आत शिरते ते डबराच्या पोकळीत साठते. काळ्या मातीतून ते खाली जात नाही. मग ते बाजूला, म्हणजे घराच्या पायाकडे सरकते. वरून अंगण कोरडे दिसते आणि खाली महिनाभर पाणी उभे असते.

डाळिंबाची बाग केलेल्यांना हे पटकन समजेल. भारी जमिनीत मोठा खड्डा घेऊन त्यात पोयटा, वाळू आणि शेणखताचे हलके मिश्रण भरले, की पावसाळ्यात सारे पाणी त्याच खड्ड्यात उतरते आणि रोपाची मुळी कुजते. म्हणूनच भारी जमिनीत गादीवाफ्यावर लागवड करावी, असे सांगितले जाते. अंगणालाही हाच न्याय लावावा.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. जवळपास ओढा, चर किंवा सखल बांध असेल, तर खड्ड्याचा तळ सपाट न ठेवता घरापासून बाहेर उतरता घ्यावा. १५ फुटांत चार इंच उतार पुरतो. बाहेरच्या कडेला तळाच्याही खाली सहा इंच जाईल असा चर खणून त्यात चार इंची छिद्रे पाडलेला पी.व्ही.सी. पाइप छिद्रे खालच्या अंगाला ठेवून टाकावा, भोवती खडी व वर जाड वाळू भरावी आणि त्याचे तोंड सखल जागी उघडे काढावे. क्षारपड जमिनीत भूमिगत चर टाकतात, तोच हा प्रकार लहान प्रमाणात आहे.

दुसरा मार्ग सपाट काळ्या रानासाठी आहे. तेथे पाइपाचे तोंड काढायला खालची जागाच मिळत नाही. अशा वेळी खोल खड्डा घेऊच नये. वरची गवताळ व शेणाची तीन-चार इंच माती खरवडून काढावी, उघडा पडलेला पृष्ठभाग बाहेर उतार देऊन चोपावा आणि त्यावर मुरमाची भर घालावी. येथे मोकळे डबर वापरू नये, कारण त्यात पोकळी राहते. थोडा चिकणा अंश असलेला पिवळा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसाने चांगला बसतो आणि पाणी सहज आत घेत नाही. विहिरीतून निघालेला पांढरट चुनखडीचा भुसभुशीत माल फुकट मिळतो म्हणून भरला जातो, तो टाळावा.

जुन्या दगड-मातीच्या घरालगत खणताना विशेष जपावे. अशा घरांचा पाया कधी कधी दोन फुटांचाच असतो. सबंध भिंतीच्या कडेने एकदम खणले, तर पायाखालची माती सुटते. भिंतीपासून फूटभर पट्टी न खणता ठेवावी आणि खणायचेच असेल तर पाच-पाच फुटांचे तुकडे पाडून, एक तुकडा भरून चोपल्यावरच दुसरा खणावा.

कामाचा हंगामही महत्त्वाचा आहे. मे महिन्यात मजूर मोकळे असतात म्हणून काम काढले जाते, पण त्या वेळी काळी माती पूर्ण आकसलेली असते. पहिल्या पावसात ती फुगली, की नवी फरशी कडेने उचलते. पावसाळा सरल्यावर वाफसा आला असता, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, मातीत मध्यम ओल असते. तोच काळ चांगला. उन्हाळ्यातच करणे भाग असेल, तर मुरूम टाकण्यापूर्वी तळावर चार-पाच दिवस थोडे थोडे पाणी शिंपडून भेगा मिटू द्याव्यात.

पातळी : बाहेरून आत या

बहुतेक ठिकाणी उंबऱ्यापासून मोजायला सुरुवात करतात आणि शेवटी पाणी कोठे सोडायचे हे फरशी संपल्यावर पाहतात. हा क्रम उलटा करावा. आधी पाणी शेवटी जेथे पडणार ती जागा निश्चित करावी. तेथून गटाराचा तळ, गटारापासून अंगणाची बाहेरची कड, कडेपासून भिंत, असे मागे यावे. असे करताना पातळी उंबऱ्याच्या वर जाते असे दिसले, तर फरशी विकत घेण्यापूर्वीच ते कळते.

वर घेतलेले २० फूट बाय १५ फुटांचे अंगण पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घराचे जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर म्हणजे दीड फूट उंच असावे. आपले जोते तेवढे आहे असे धरू. भिंतीलगत अंगणाची तयार पातळी जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली हवी, म्हणजे पावसाचे उडणारे थेंब व साचलेले पाणी भिंतीला भिडत नाही. शक्य असेल तर एक फूट खाली ठेवावी. म्हणजे भिंतीलगत अंगण जमिनीपासून सहा इंच उंच झाले. फरशीला पाच फुटाला एक इंच उतार द्यावा. १५ फुटांना तो तीन इंच होतो. बाहेरची कड जमिनीपासून तीन इंच उंच राहिली. त्या कडेने नऊ इंच रुंद, सुरुवातीला सहा इंच खोल गटार घेतले, तर त्याचा तळ जमिनीखाली तीन इंचांवर येतो. गटाराला शंभराला एक उतार दिला, तर २० फुटांत तो अडीच इंच आणखी खाली जातो. म्हणजे गटाराचे तोंड जमिनीपासून साडेपाच इंच खाली निघणार. तेवढी सखल जागा आपल्याजवळ आहे का? नसेल तर अंगण दोन-तीन इंच वर घ्यावे. जोत्यात अजून जागा शिल्लक आहे. हा सगळा हिशेब वहीच्या एका पानावर मावतो.

पाच फुटाला एक इंच उतार डोळ्यांना जाणवत नाही, त्यावर खाट डुगडुगत नाही आणि ज्वारी वाळत घालायलाही अडचण येत नाही. गवंडी पुष्कळदा "दहा फुटाला एक इंच पुरे" असे म्हणतो. गुळगुळीत कोब्याला ते एक वेळ चालेल. शहाबादी फरशीचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि बसवताना थोडे उंचसखल होतेच. तिला कमी उतार दिला तर डबकी राहतात.

पातळी घेण्यासाठी महागडे यंत्र नको. तीस फूट लांबीची पारदर्शक नळी पाण्याने भरली, की पाणसळ तयार झाली. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर दोन्ही टोकांचे पाणी खोटी पातळी दाखवते. भिंतीवर एक खूण करावी, बाहेरच्या कडेच्या खुंट्यांवर त्याच पातळीच्या खुणा घ्याव्यात आणि तेथून तीन इंच खाली दोरी बांधावी. गवंड्याने दोरीला धरून काम करावे. "नजरेने उतार काढतो" म्हणणारा गवंडी कितीही अनुभवी असला, तरी त्याला दोरी बांधायला लावावी.

थर आणि फरशी

चोपलेल्या मुरमावर चार इंच जाड १:४:८ प्रमाणाचे काँक्रीट, त्यावर इंचभर सिमेंट-वाळूचा (१:६) थर आणि त्यावर एक-दीड इंची फरशी, एवढे घरगुती अंगणाला पुरते. उतार मुरमातच आणावा. सपाट मुरमावर एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी मसाला घालून उतार काढला, तर सिमेंट वाया जाते आणि पातळ बाजू फुटते. फरशीचे दर्जे पूर्ण खोलीपर्यंत भरून घ्यावेत. वरवर सिमेंटची रेघ ओढलेले दर्जे दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत.

भिंत आणि अंगण यांना एकमेकांशी जखडू नये. घर आणि अंगण यांचे वजन निराळे, त्यामुळे त्यांची हालचालही निराळी असते. दोहोंमध्ये अर्धा इंच फट ठेवून ती गरम डांबर व वाळूने भरावी. दर दोन-तीन वर्षांनी डांबर पुन्हा ओतावे. हे काम क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच राहून जाते.

पेव्हर ब्लॉकची सध्या मोठी चलती आहे. मुरमाड माळावर ते उत्तम, कारण सांध्यांतून पाणी मुरते व एखादा ब्लॉक खचला तर काढून पुन्हा बसवता येतो. काळ्या जमिनीत मात्र भिंतीलगतच्या पाच-सहा फुटांत ते वापरू नयेत. तेथे आपल्याला पाणी मुरायला नकोच आहे. ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर ८० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक घ्यावेत. भरलेली उसाची ट्रॉली अंगणात आणण्याचा हट्ट मात्र सोडावा.

पागोळ्या आणि रोजचे सांडपाणी

छपराचे पाणी अंगणात पडू देऊच नये, असे शक्यतो करावे. पत्र्याच्या कडेला पन्हळ लावून पाणी नळाने थेट गटारात किंवा टाकीत न्यावे. अंगणातील पाणी लगेच निम्मे होते आणि वळचणीला पडणारा खळगाही टळतो. पन्हळीचे पाणी बोअर किंवा विहिरीच्या पुनर्भरणाला वापरता येते. पहिल्या एक-दोन पावसांचे धूळमिश्रित पाणी सोडून द्यावे आणि पुढचे वाळू-खडीच्या गाळणीतून न्यावे. अंगणाचे पाणी मात्र विहिरीत कधीही सोडू नये. त्यात शेण असते, कोंबड्यांची घाण असते आणि बऱ्याच घरी फवारणीचा पंप याच फरशीवर धुतला जातो. पंप धुण्याची जागा घरापासून आणि पाणवठ्यापासून दूर, शेतातच ठेवावी.

पावसाइतकाच विचार रोजच्या पाण्याचा करावा लागतो, किंबहुना जास्त. पाऊस वर्षातून तीस-चाळीस दिवस पडतो, भांडी-धुणी ३६५ दिवस असतात. पाच माणसांच्या घरातून रोज २०० लिटर सांडपाणी धरले, तर वर्षाला ७३,००० लिटर होते. आपल्या २८ चौरस मीटर अंगणावर ५०० मिलिमीटर पावसाचे वर्षभराचे पाणी १४,००० लिटरच भरते! फरशीच्या कोपऱ्यात धुण्याचा दगड ठेवला आणि त्याचे पाणी भिंतीच्या कडेने वाहू दिले, तर पायाची माती उन्हाळ्यातही ओलीच राहते. धुण्याचा दगड बाहेरच्या कडेला, गटाराच्या डोक्याशी ठेवावा आणि ते पाणी परसबागेत कर्दळ, अळू, केळी यांना द्यावे. जुन्या घरांच्या मोरीमागे अळूचे वाफे असत, त्यामागे हाच विचार होता.

पाणी सोडायचे कोठे?

पाणी मुरवायचे असेल, तर आधी जमीन तपासावी. घरापासून पंधरा-वीस फूट दूर दोन-तीन फूट खोलीवर एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा करावा. तो पाण्याने भरून रात्रभर भिजू द्यावा. सकाळी पुन्हा भरून तासाभरात पाणी किती उतरते ते पाहावे. मुरमात ते भराभर उतरते. तेथे शोषखड्डा घ्यावा. काळ्या मातीत पातळी जेमतेम हलते. तेथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नयेत. तो पहिल्याच पावसात भरून डासांचे घर होतो.

शोषखड्डा चालत नसेल, तर उघडे गटार हाच उपाय. गावात पाइप गाडण्याकडे कल असतो, कारण ते नीटनेटके दिसते. पण पाचोळा, शेण आणि माती यांनी पाइप तुंबतो आणि तो तुंबला हे पाणी घरात आल्यावरच कळते. उघडे गटार झाडूने साफ होते. रस्ता किंवा वहिवाटीखालून जावे लागते तेवढ्याच ठिकाणी पाइप टाकावा आणि त्याच्या तोंडाशी दीड फुटाचा गाळखड्डा जाळीसह बांधावा.

शेजाऱ्याचा विचार आधी करावा. मातीचे अंगण होते तोवर थोडेसे पाणी त्याच्या बाजूला जात असेल आणि त्याने कधी तक्रार केली नसेल. फरशी झाल्यावर तेच पाणी लोंढ्याने जाते. भाऊबंदकीतील किती तरी तंटे पागोळ्यांवरून आणि गटारावरून पेटतात. दोरी बांधली असताना त्याला बोलावून पाणी कोठून नेणार ते दाखवावे. गावठाणात ग्रामपंचायतीच्या गटाराला जोडायचे असेल, तर ग्रामपंचायतीला विचारून त्या गटाराच्या तळाची पातळी पाणसळीने घ्यावी. गावातील काँक्रीटचे रस्ते दर खेपेला चार-सहा इंचांनी उंच होत आले आहेत. आज रस्त्यापेक्षा वर असलेले अंगण पुढच्या कामानंतर खाली जाऊ शकते, आणि मग रस्त्याचेच पाणी आपल्याकडे वळते. म्हणून जोत्यात जागा असेल तर अंगण थोडे उंचच ठेवलेले बरे.

अंगण आधीच झाले असेल आणि उतार घराकडे असेल तर?

सगळी फरशी उखडण्याची गरज बहुधा पडत नाही. भिंतीपासून दोन फुटांवर, भिंतीला समांतर, सहा इंच रुंद चर फरशीत कापून घ्यावा आणि त्याला एका बाजूला उतार देऊन तोंड घराच्या पलीकडे काढावे. भिंत आणि चर यांमधली दोन फुटांची पट्टी उखडून ती भिंतीकडून चराकडे उतरती बसवावी आणि भिंतीलगतच्या फटीत डांबर भरावे. बाहेरचे पाणी चरात अडते, भिंतीचे पाणी चरात उतरते. चरावर लोखंडी जाळी टाकली, तर येण्याजाण्याला अडचण होत नाही. जुन्या फरशीवरच दुसरी फरशी चढवून उतार फिरवण्याचा मोह होतो. तो जोत्याच्या माथ्यापासून नवी पातळी सहा इंच खाली राहत असेल तरच करावा. नाहीतर आज पायाला लागणारे पाणी उद्या उंबऱ्यावरून आत येईल.

भिंत आधीच फुगलेली असेल, भेगेत बोट जात असेल किंवा दगड-मातीची भिंत बाहेर कलली असेल, तर अंगणाचे काम थांबवून आधी जाणकार अभियंत्याला दाखवावे. संततधारेत अशी भिंत अचानक बसते. तोपर्यंत त्या भिंतीलगत कोणी झोपू नये आणि धान्याची थप्पीही लावू नये.

गवंड्याचा शेवटचा हप्ता

काम पूर्ण झाले असे गवंडी म्हणाला, की दर्जे सात-आठ दिवस पाणी मारून पक्के होऊ द्यावेत आणि मग अंगणाची परीक्षा घ्यावी. भिंतीच्या कडेला चार-पाच ठिकाणी प्रत्येकी दोन बादल्या पाणी ओतावे. ते कोणत्या बाजूला वळते, गटारात कसे उतरते, गटाराच्या तोंडातून किती वेळाने बाहेर पडते, हे उभे राहून पाहावे. पंधरा मिनिटांनी जेथे पाणी उरले असेल तेथे रुपयाचे नाणे आडवे ठेवावे. नाणे पाण्याखाली बुडत असेल, तर त्या डबक्याभोवती खडूने रेघ ओढावी आणि तेवढ्या फरश्या काढून पुन्हा बसवून घ्याव्यात. ही परीक्षा घेणार असे कामाच्या पहिल्याच दिवशी गवंड्याला सांगून ठेवावे आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

पुढे दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी गटार, गाळखड्डा आणि पन्हळ साफ करून याच रीतीने दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. एखादी फरशी खचली असेल, तर ती मृगाच्या सरी येण्याआधीच सापडते.